घाटापूर्वीचा विसावा
(कोकणात मोटारीने जाणाऱ्या प्रभादेवीकरांसाठी)

गणेशोत्सव, शिमगा वा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की प्रभादेवी, लालबाग, परळ या भागांतील ज्या कुटुंबांची मूळ गावे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहेत, त्यांच्या घरी गावाकडच्या प्रवासाची सिद्धता सुरू होते. गाडीची तपासणी होते, सामानाची यादी होते, निघण्याची वेळ वडीलधाऱ्यांच्या संमतीने मुक्रर होते. परंतु वाटेत कोठे, किती वेळ आणि कशासाठी थांबावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो, आणि तो निर्णय ऐनवेळच्या भुकेच्या, झोपेच्या वा मुलांच्या रडण्याच्या हवाली केला जातो. घाटाचा प्रवास ज्यांना वारंवार करावा लागतो, त्यांनी ही वहिवाट बदलावी, अशी या लेखामागची कळकळ आहे. घाट उतरून दमल्यावर सगळेच थांबतात. घाट लागण्यापूर्वी, अंगात उमेद असतानाच जो थांबतो, तो स्वतःच्या आणि समोरून येणाऱ्याच्याही जीवाची काळजी घेतो.

आपल्या वाडवडिलांना हा विचार स्वतंत्रपणे करावा लागत नसे. गिरणीतला चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने निघे, तेव्हा बंदरे ठरलेली असत; 1 जून 1948 रोजी एस.टी.ची पहिली गाडी सुटली आणि पुढे गावोगाव लाल गाडी पोहोचली, तेव्हाही चहाचे व जेवणाचे थांबे महामंडळाच्या शिरस्त्याने ठरलेले असत, आणि कंडक्टरने “गाडी पंधरा मिनिटे थांबेल” असे पुकारले, की प्रवाशांबरोबर ड्रायव्हरलाही सक्तीची विश्रांती मिळे. ही सक्ती कायद्यालाही मान्य आहे. 1961 च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने व्यावसायिक वाहनचालकाला सलग पाच तासांहून अधिक काम न देता किमान अर्ध्या तासाची विश्रांती देणे बंधनकारक केले होते. घरची मोटार चालविणाऱ्या मुलावर किंवा जावयावर असा कोणताही अंमल चालत नाही. म्हणून तो बंदोबस्त कुटुंबानेच करावयास हवा. त्या कायद्यातली पाच तासांची मर्यादा ही शेवटची हद्द समजावी. घाटरस्त्यावर दर दोन तासांनी निदान पंधरा मिनिटे गाडीबाहेर पाऊल टाकावे, हा नियम घरोघर पाळण्याजोगा आहे.

प्रस्थान

प्रभादेवीहून निघणाऱ्याला पूर्वेकडे जाण्यासाठी प्रथम रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. प्रभादेवी स्थानकाजवळचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडकामासाठी बंद झाला. तेव्हा नवा पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत दादरचा टिळक पूल किंवा करी रोडचा पूल या वाटा हिशेबात धराव्यात, आणि त्यांवरील गर्दीसाठी वेळ राखून ठेवावा. मंगळवारी, विशेषतः अंगारकीला, सिद्धिविनायकाच्या दर्शनाची रीघ पहाटेपूर्वीच लागते. बाप्पाला नमस्कार करूनच गाव गाठण्याची ज्यांच्या घरची रीत आहे, त्यांनी त्या दिवशी दर्शन आदल्या रात्री उरकावे, हे उत्तम.

पुढे शीव-पनवेल मार्गाने जावे किंवा शिवडीहून अटल सेतूने चिर्ल्यास उतरून पळस्पे फाट्याकडे वळावे, हे दोन्ही पर्याय रास्त आहेत. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या या सुमारे 21.8 किलोमीटर लांबीच्या सेतूवर दुचाकींना व रिक्षांना मज्जाव आहे, आणि त्यावर हौसेने गाडी उभी करून छायाचित्रे काढणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय मागून येणाऱ्यांच्या जीवाशी खेळही आहे.

निघण्याची वेळ ठरविताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत मनुष्याचे शरीर स्वभावतःच झोपेकडे झुकते. न झोपता सामान बांधून मध्यरात्री निघणारा चालक घाटात नेमका पहाटेच्या त्या घातक प्रहरात पोहोचतो. त्यापेक्षा रात्री सहा-सात तास झोप घेऊन पहाटे पाचच्या सुमारास निघावे. म्हणजे शहर मोकळे मिळते, आणि घाट स्वच्छ उजेडात चढावयास मिळतो.

पहिला थांबा : पेण आणि वडखळ

मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे सोडले, की कर्नाळ्याची खिंड लागते, खारपाड्याला पाताळगंगा ओलांडली जाते आणि पाहतापाहता पेण येते. हा पहिला थांबा थोडक्यात आटोपावा. त्याचे प्रयोजन एवढेच, की चालकाची पाठ सरळ व्हावी आणि शहर सोडतानाच्या घाईत काही विसरले असल्यास ते ध्यानात यावे. गणपतीच्या हंगामात पेणच्या मूर्तिकारांचे कारखाने पाहण्यासारखे असतात, आणि मुलांना मातीच्या मूर्तीवर हात कसा फिरतो हे दाखविण्याची संधी घालवू नये. पोह्यांचे पापड घ्यावयाचे असतील, तर तेही येथेच घ्यावेत.

वडखळला अलिबागची वाट फुटते. माघ-फाल्गुनापासून मे महिन्यापर्यंत येथे रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन लाभले आहे, आणि त्याच्या नावाने दुसराच कांदा खपविला जाऊ नये म्हणून पारख करून घ्यावा : अस्सल कांदा आकाराने मध्यम, चवीला गोडसर आणि वाळलेल्या पातीसह घट्ट विणलेला असतो. अशी एखादी वेणी हातात घेऊन पाहावी. पात पातीत गुंफून, मधूनमधून गवती दोरीने आवळून ती इतक्या शिस्तीने विणलेली असते, की खालचा कांदा काढून घेतला तरी वरचे सुटत नाहीत, आणि घरी खुंटीला टांगून ती हवेशीर जागी महिनोन्‌महिने टिकते. बहुधा शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांच्या हातची ही वीण असते. तिची किंमत करताना त्या हातांची मजुरीही ध्यानात धरावी.

मुख्य थांबा : महाड की पोलादपूर?

पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण 2011 पासून रेंगाळत राहिल्याने या मार्गाने प्रवाशांची वर्षानुवर्षे सत्त्वपरीक्षा पाहिली आहे. रस्ता सुधारला तरी कामाच्या जागी वळण कोठे दिले आहे, हे दरवेळी नव्याने पाहावे लागते. इंदापूर, माणगाव ओलांडून महाडच्या परिसरात आलो, म्हणजे मुख्य थांब्याची वेळ झाली असे समजावे.

ज्यांच्यापाशी तासाभराची सवड आहे, त्यांनी महामार्ग सोडून महाड गावात शिरावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी ज्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून मनुष्यमात्राच्या समान हक्काची घोषणा केली, ते तळे गावातच आहे. त्याच्या काठी मुलांना घेऊन दहा मिनिटे फिरणे हे पायांना जसे हितकर आहे, तसेच मनालाही आहे. याच महाडजवळ 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीच्या महापुरात जुना पूल वाहून गेला आणि एस.टी.च्या गाड्यांसह अनेक प्रवासी बळी पडले. पुढच्या वर्षी नवा पूल उभा राहिला खरा; परंतु पावसाळ्यात नदीचे पाणी चढलेले असताना रात्रीचा प्रवास पुढे ढकलून मुक्काम करणे हाच शहाणपणा आहे, हा त्या रात्रीचा धडा प्रत्येक प्रवाशाने कायमचा ध्यानी ठेवावा.

महाडला थांबणे झाले नाही, तर पोलादपूरला थांबल्याशिवाय मात्र पुढे जाऊ नये. सावित्रीच्या काठचे हे गाव कशेडी घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. येथूनच आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे वाट जाते, नरवीर तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यात आहे, आणि ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधीही याच गावी आहे. मुख्य मार्गावरून बाजूच्या रस्त्याला उतरून गाडी सपाट जागी लावावी. अलीकडे कशेडीखालून सुमारे दोन किलोमीटर लांबीचे जोडबोगदे झाल्यामुळे जुनी नागमोडी चढण टाळता येते, आणि म्हणून ‘आता घाट उरलाच कोठे, थांबावयाचे कशाला?’ असा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. तो घातक आहे. बोगदा ओलांडला तरी पुढे खेडजवळचा भोस्ते घाट आणि चिपळूणपूर्वीचा परशुराम घाट उभेच आहेत. आणि तीन-चार तास चाक धरून बसलेल्या चालकाच्या डोळ्यांना बोगद्याने विश्रांती मिळत नाही. उलट उजेडातून अंधारात आणि पुन्हा उजेडात येताना त्यांवरचा ताण वाढतो. बोगद्यात शिरण्यापूर्वी दिवे लावावेत, अंतर राखावे, आणि आत कोणत्याही कारणाने ओलांडाओलांड करू नये.

या थांब्यावर चालकाने काय करावे, हे तपशिलाने सांगणे अवश्य आहे. त्याने प्रथम चहा घ्यावा आणि लगेच सावलीत, आसन मागे करून, पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटून पडावे. चहा-कॉफीचा अंमल चढण्यास जवळजवळ अर्धा तास लागतो, त्यामुळे डुलकी संपताना तरतरी येते. यापेक्षा अधिक झोपल्यास जाग आल्यावर जडत्व राहते. या वेळी कुटुंबातील इतरांनी त्याला एकटे सोडावे. गाडीत गप्पा व गाणी चालू ठेवून त्याला ‘विश्रांती घे’ म्हणणे निरर्थक आहे.

जागेची पारख

थांबण्याची जागा निवडताना पाटीवरच्या रोषणाईला भुलू नये. गाड्या रस्त्यापासून पुरेशा आत उभ्या राहतात काय. बाहेर पडताना दोन्ही बाजूंची वाहने स्पष्ट दिसतात काय. वळणाच्या तोंडाशी किंवा दरडीच्या पायाशी तर जागा नाही ना. पिण्याचे पाणी आणि हात धुण्यास साबण आहे काय. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्त्रियांसाठी कडी लागणारे, दिवा असलेले, स्वच्छ शौचालय आहे काय, एवढे प्रश्न स्वतःला विचारावेत. शौचालयाच्या भीतीने आपल्या घरच्या कित्येक स्त्रिया प्रवासात दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि डोकेदुखी व मूत्रमार्गाचे विकार पदरी पाडून घेतात. ही लाज त्यांची नव्हे, व्यवस्थेची आहे. म्हणून आधी शौचालय पाहावे आणि मग जेवण मागवावे, असा क्रम पुरुषमंडळींनीच घालून द्यावा. एक हक्काची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : पेट्रोलपंपावर पिण्याचे पाणी, शौचालय, चाकांत हवा आणि प्रथमोपचाराची पेटी यांची सोय ग्राहकाला विनामूल्य मिळावी, असे तेल कंपन्यांचे बंधन आहे. इंधन घेतले नाही, तरी शौचालय नम्रपणे मागण्यास संकोच करू नये.

पोटाला काय द्यावे?

घाटापूर्वी पोहे, उपमा, इडली, भाकरी-भाजी, केळे असे हलके खाणे चांगले. सुरमईची थाळी आणि वड्यांचे ताट घाट उतरल्यानंतर, चिपळुणात निवांत बसून घ्यावे. ज्यांना गाडी लागते, त्यांना उपाशी ठेवणेही चुकीचे आहे. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, मोबाईल व पुस्तक दूर ठेवावयास सांगावे, दृष्टी लांबच्या रस्त्यावर लावावी, आणि तोंडात आलेपाकाची वडी किंवा आवळासुपारी द्यावी. डॉक्टरांनी सुचविलेली गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घेतली तरच उपयोगी पडते. मात्र अशा बहुतेक गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून चालकाने ती कदापि घेऊ नये.

गाडीलाही विसावा हवा

गाडी उभी करताना तोंड उताराकडे असल्यास रिव्हर्स गिअर, चढाकडे असल्यास पहिला गिअर टाकून हँडब्रेक ओढावा. चाकाखाली दगड लावला असेल, तर निघताना तो आठवणीने बाजूला फेकावा. रस्त्यात सोडलेला तसा दगड रात्री दुचाकीस्वाराचा काळ ठरतो. उतार उतरून आल्यावर चाकाच्या तबकडीजवळ, स्पर्श न करता, हाताची मागची बाजू न्यावी : धग लागली आणि जळका वास आला, तर ब्रेक तापले आहेत असे समजून निदान अर्धा तास थांबावे, आणि त्यांवर पाणी ओतू नये. ही वेळ येऊच नये म्हणून ज्या गिअरने चढण चढावी लागते, त्याच गिअरने उतरण उतरावी. इंजिन उकळले असेल तर रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडणे म्हणजे वाफेने तोंड भाजून घेणे होय. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला प्रथम वाट द्यावी, हा केवळ सौजन्याचा नव्हे, तर वाहतुकीच्या नियमांतला हुकूम आहे.

धुके वा मुसळधार पाऊस असेल, तर वळणावर, कडेच्या पट्टीवर दिवे लुकलुकत ठेवून थांबू नये. पुढच्या मोकळ्या, सपाट जागेपर्यंत हळूहळू जावे. अडचण आलीच, तर राष्ट्रीय महामार्गासाठी 1033, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 हे क्रमांक कागदावर लिहून गाडीत समोर चिकटवून ठेवावेत. घाटात मोबाईलची बॅटरी आणि मनुष्याची स्मृती दोन्ही दगा देतात.

घाटानंतर

कशेडी, भोस्ते ओलांडून परशुराम घाटात पोहोचल्यावर विसावा पॉइंटपाशी थांबावे. वाशिष्ठीचे वळणावळणाचे पात्र आणि खाली पसरलेले चिपळूणचे खोरे येथून दृष्टीत मावते. घाटाच्या वरच परशुरामाचे प्राचीन देवस्थान आहे. येथपर्यंत आल्यावर मन सैल सोडण्यास हरकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत घाटातल्या वाटांवर पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे व जांभळे घेऊन बायका आणि मुले उभी असतात. भाद्रपदात चिबूड आणि तवशी येतात. या विक्रेत्यांशी घासाघीस करू नये. द्रोण हातात देताना ती बाई काटेरी जाळीत पहाटे हात घालून आलेली असते, आणि तिच्या बोटांवरचे चिकाचे काळे डाग धुऊनही दोन दिवस जात नाहीत. सुटे पैसे जवळ ठेवावेत, आणि द्रोण संपल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीसह तो घाटात भिरकावू नये. वानरांना खाऊ घालणेही टाळावे. त्या सवयीने ती रस्त्यावर येतात आणि चिरडली जातात.

परदेशातील दाखला

रस्त्याच्या कडेचा विसावा ही सरकारी आणि सामाजिक कर्तव्याची बाब होऊ शकते, याचा उत्तम दाखला जपानात सापडतो. डोंगराळ मुलखाच्या त्या देशात ‘मिची-नो-एकी’ नावाने महामार्गावर अधिकृत विश्रांतिस्थाने आहेत. 1993 मध्ये पहिल्या 103 स्थानांची नोंद झाली आणि आज त्यांची संख्या बाराशेंच्या वर गेली आहे. चोवीस तास विनाशुल्क वाहनतळ व स्वच्छ शौचालये, रस्त्याची व हवामानाची खबर, आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या मालाची विक्री ही त्यांची तीन कामे. पुष्कळ ठिकाणी भाजीच्या जुडीवर पिकविणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. 2004 च्या निईगाताच्या भूकंपात हीच स्थाने आश्रयाची आणि मदतीची ठाणी बनली. तोक्योत राहणारी मराठी कुटुंबे निक्को किंवा हाकोनेच्या डोंगरांत सहलीला जातात, तेव्हा त्यांना जी निश्चिंतता लाभते, तिचे मूळ या तजविजीत आहे.

ही कल्पना आपल्याला परकी मुळीच नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी देशभरातील तीर्थमार्गांवर विहिरी, घाट व धर्मशाळा बांधल्या, आणि पाणपोई घालणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. अलीकडे गणेशोत्सवाच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर शासनातर्फे सुविधा केंद्रे उभारली जातात, चाकरमान्यांच्या वाहनांना पथकरातून सवलतीचे पास मिळतात, आणि अवजड वाहनांना काही दिवस बंदी असते. पास निघण्यापूर्वीच घ्यावा, आणि सुविधा केंद्रांची यादी वर्तमानपत्रांतून पाहून ठेवावी.

परंतु वर्षातले दहा-बारा दिवस चालणारी सोय वर्षभर चालावी, ही मागणी करणे प्रवासी नागरिकांचे काम आहे. प्रभादेवीतील ज्या मंडळांनी व ग्रामस्थ संघांनी गावाकडे शाळा आणि मंदिरे उभारण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वर्गणी गोळा केली, त्यांनी आपापल्या तालुक्याच्या हद्दीत एकेका थांब्याच्या शौचालयाची व पाण्याची जबाबदारी घेतली, स्थानिक बचत गटांना तेथे विक्रीची जागा मिळवून दिली आणि लोकप्रतिनिधींकडे लेखी पाठपुरावा केला, तर काही वर्षांत या मार्गाचे रूप पालटेल. तोवर प्रत्येक कुटुंबाने एवढे तरी अवश्य करावे : निघण्याच्या आदल्या रात्री सर्वांना बसवून थांब्यांची जागा आणि वेळ कागदावर मांडावी, पोलादपूरचा थांबा कोणत्याही सबबीवर रद्द करू नये, आणि “आता थोडेच राहिले” असे चालकाला म्हणणाऱ्याला घरातल्या वडीलधाऱ्याने तेथल्या तेथे थांबवावे.